शिखराकडे नेणाऱ्या रेल्वेचा जनक

मोटरहोमने स्वित्झर्लंडच्या सहलीचा बेत आखणाऱ्यांनाही युंगफ्राउच्या पायथ्याशी गाडी ठेवून रेल्वेच गाठावी लागते. आयगर आणि म्योंख या पर्वतांच्या पोटातून ३,४५४ मीटर उंचीवर पोहोचणाऱ्या या रेल्वेचे जनक होते अडोल्फ गुयर-झेलर.

१८३९ मध्ये सूतगिरणी मालकाच्या घरी जन्मलेल्या गुयर-झेलर यांनी कापडव्यवसायात आणि रेल्वे उद्योगात लौकिक मिळवला. १८९३ च्या ऑगस्टमध्ये म्युरेन परिसरात कन्येसमवेत भटकंती करताना त्यांना या मार्गाची कल्पना सुचली. दातेरी रूळ, विजेचे इंजिन आणि डोंगरातून सात किलोमीटरहून लांब बोगदा असा तो धाडसी आराखडा होता. पुढच्याच वर्षी परवाना मिळाला. १८९६ मध्ये काम सुरू झाले.

१८९८ मध्ये पहिला टप्पा खुला झाला, पण एप्रिल १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले. निधीची चणचण आणि जीवघेणे स्फोट यांना तोंड देत, प्रामुख्याने इटालियन मजुरांनी बोगदा पुढे नेला. १ ऑगस्ट १९१२ रोजी गाडी युंगफ्राउयोखला पोहोचली. शिखरापर्यंत जाण्याचा मूळ संकल्प मात्र खिंडीतच थांबला. आज लाखो पर्यटक ज्या स्थानकावर उतरतात, ते पाहण्याचे भाग्य त्याच्या निर्मात्याला लाभले नाही.