हाडांना हात लावून शिकवणारा शिक्षक : आंद्रेयास वेसेलियस



शरीरात हाडे किती, असे विचारले की मुले पटकन सांगतात, २०६. पण आपल्यापैकी किती जणांनी त्यांतली दहा तरी नीट चाचपून पाहिली आहेत? आज ओळख करून घेऊया, हाडे स्वतः हातात घेऊन पाहणाऱ्या वेसेलियसची.

त्याचा जन्म ३१ डिसेंबर १५१४ रोजी ब्रुसेल्समध्ये झाला. पॅरिसला तो वैद्यक शिकायला गेला. त्या काळी शिकवायची पद्धत कशी होती बघा. प्राध्यापक उंच आसनावर बसून गेलन या प्राचीन वैद्याचे सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचे म्हणणे वाचून दाखवत आणि खाली न्हावी प्रेताची चिरफाड करी. वेसेलियसला हे पटेना. तो दफनभूमीत जाऊन हाडे हाताळू लागला. डोळे बांधून नुसत्या स्पर्शाने हाड ओळखायची पैज तो मित्रांशी लावत असे! पुढे लूव्हेन गावाबाहेर फाशी दिलेल्या माणसाचा सांगाडा त्याने तुकड्या-तुकड्याने लपवून घरी आणला.

१५३७ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो इटलीतील पादुआ येथे प्राध्यापक झाला. तिथे तो आसनावरून खाली उतरला आणि स्वतः विच्छेदन करून शिकवू लागला. तेव्हा लक्षात आले, की गेलनने वर्णन केलेली बरीच रचना माणसाची नाहीच, प्राण्यांची आहे. गेलनच्या मते खालचा जबडा दोन हाडांचा आणि छातीचे हाड सात भागांचे. वेसेलियसला जबडा एकसंध दिसला आणि छातीचे हाड तीन भागांचे.

इथे एक गंमत आहे बरं का. नवजात बाळाचा खालचा जबडा खरंच दोन भागांचा असतो, पहिल्या वर्षातच तो जुळतो. कुत्र्यात मात्र ते भाग वेगळेच राहतात. बाळाच्या शरीरात हाडे २७० ते ३०० असतात. वाढताना त्यांतली बरीच जुळतात, म्हणून मोठेपणी २०६ उरतात. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा थर असतो. तो वाढतो, त्याचे हाड होते आणि मूल उंच होते.

१५४३ मध्ये बाझेल येथे वेसेलियसचा सात भागांचा सचित्र ग्रंथ छापला गेला. पहिलाच भाग हाडे आणि कूर्चेचा! आधी खांब-तुळया, मग बाकीचे घर. पण याची किंमत त्याला मोजावी लागली. पॅरिसचे त्याचे गुरू सिल्वियस यांनी १५५१ मध्ये पुस्तक लिहून त्याला वेडा ठरवले. गेलन चुकला असे मानण्यापेक्षा माणसाचे शरीरच बदलले असावे, असे मानणे त्यांना सोपे वाटले. वेसेलियस तोवर अध्यापन सोडून राजवैद्य झाला होता. १५६४ मध्ये जेरुसलेमहून परतताना ग्रीसच्या झाकिंथॉस बेटावर त्याचे निधन झाले.

मित्रांनो, लांब, लहान, चपटी आणि अनियमित हे हाडांचे चार प्रकार आपण फळ्यावर लिहितोच. या वेळी आधी मुलांना डोळे मिटून आपापले हाड शोधायला सांगा. मांडीचे लांब, मनगटाची लहान, कवटीचे चपटे, पाठीच्या मण्यांचे अनियमित. आणि एखाद्या मुलाने पुस्तकाशी न जुळणारे काही सांगितले, तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्यासोबत पुन्हा एकदा मोजून बघा.