गाणं शिकवणाऱ्या वकिलाची कमाई

मी शनिवारी घरी चार मुलांना पेटी शिकवतो. पण कतारमध्ये कुणाचं बस्तान कायमचं नाही. मुलगा जरा तयार होतो न होतो तोच वडिलांचं कंत्राट संपतं आणि कुटुंब गाशा गुंडाळतं. सोडून द्यावं हे शिकवणं, असं मनात घोळत होतं.

त्यातच परवा सुट्टीच्या दिवशी एशियन टाउनला गेलो होतो. चहा पिताना सोबतचा श्रीलंकन मित्र मोबाइलवर अमरदेवांचं गाणं ऐकत होता. म्हणाला, हे आमचे फार मोठे गायक, पण शिकले तुमच्या लखनऊला. आणि मला आपले वाळकेश्वरचे विष्णु नारायण भातखंडे आठवले.

भातखंड्यांचा जन्म १८६० चा. १८८५ मध्ये बी.ए., १८८७ मध्ये एलएल.बी. झाले. कराचीत आणि मुंबईत वकिली केली. पुढे पत्नी गेली, पाठोपाठ एकुलती एक मुलगीही गेली. हळूहळू वकिली सुटली आणि उरलेलं आयुष्य त्यांनी संगीताला दिलं.

त्या काळी गाणं घराण्यांत बंदिस्त होतं. भातखंडे देशभर हिंडले, उस्तादांकडून चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या, राग दहा थाटांत मांडले. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर, एकेकाच्या डोक्यात अडकलेलं ज्ञान त्यांनी सगळ्यांसाठी लिहून ठेवलं. क्रमिक पुस्तकांचे सहा भाग निघाले. पुस्तकातून कुठं गाणं येतं का, अशी टीकाही झाली. ती अगदीच खोटी नव्हती. त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर फैयाज खाँसाहेबांकडेही शिकलेच की!

१९१६ मध्ये बडोद्याला संगीत परिषद भरली, १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय झालं आणि १९२६ मध्ये लखनऊला मॅरिस कॉलेज. आता गाणं शिकायला घराण्यात जन्म घ्यायची गरज उरली नाही, फी भरून नाव घातलं की झालं. १९२८ पासून रातंजनकर तिथले प्राचार्य झाले. १९३३ मध्ये भातखंड्यांना पक्षाघाताने अंथरुणाला खिळवलं आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, ते गेले.

खरी कमाई त्यानंतरची. तलत महमूद, संगीतकार रोशन याच कॉलेजात शिकले. १९५० च्या दशकात श्रीलंकेहून अमरदेव आले, तेव्हा भातखंड्यांना जाऊन दीड तप उलटलं होतं. आज ते कॉलेज विद्यापीठ झालंय आणि त्याला नाव भातखंड्यांचं आहे. यातलं त्यांनी स्वतः काय पाहिलं? जवळजवळ काहीच नाही.

माझा एक विद्यार्थी पुढच्या महिन्यात भारतात परततोय. त्याच्यासाठी वहीत यमन लिहून काढलाय, तीव्र मध्यमावर उभी रेघ देऊन, भातखंड्यांच्याच पद्धतीनं. पुढे तो कुणाकडे शिकेल, कुणाला शिकवेल, मला कळणारही नाही. पण शनिवारचा वर्ग चालू राहणार.