पीएच.डी. नव्हती, पेपर होता!

परदेशात पोस्टडॉकसाठी प्रोफेसरांना मेल टाकून वाट बघताय? मग सत्येंद्रनाथ बोसांना भेटा. जन्म १८९४, कोलकाता. नोकरी ढाका विद्यापीठात, पीएच.डी. नाही. १९२४मध्ये त्यांनी थेट आइन्स्टाइनना पत्र लिहिलं, सोबत आपला पेपर जोडला. आइन्स्टाइननी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून तो छापून आणला! त्यांचं पोस्टकार्ड दाखवून बोसांना दोन वर्षांची रजा अन् व्हिसा मिळाला. पॅरिसमध्ये मेरी क्युरींनी आधी फ्रेंच शिकायला सांगितलं. बोसांना फ्रेंच येत होतं, पण संकोचापायी ते बोललेच नाहीत! १९२५मध्ये बर्लिनला आइन्स्टाइन भेटले. परतल्यावर पीएच.डी.शिवाय ढाक्यात प्रोफेसर झाले. १९७४मध्ये बोस गेले, ‘बोसॉन’मध्ये नाव उरलं. तेव्हा मेलला आधी काम जोडा. आणि येतंय ते सांगायला लाजू नका!