परवाना क्रमांक १

रस्त्याने जाणाऱ्या मोटारीचे इंजिन बंद पडले, तर ती कडेला उभी करता येते. नावेचे वल्हे मोडले, तरी नाव काही काळ पाण्यावर तरंगत राहते. विमानाला मात्र थांबण्यासाठी कडा नसते. एकदा जमीन सोडली की वैमानिकाने आधी केलेली तयारी आणि त्याचा विवेक एवढाच त्याचा आधार असतो. स्वतःचे छोटे विमान बाळगणाऱ्या माणसाला हे विशेष लक्षात ठेवावे लागते. कारण त्याला उड्डाणाची आज्ञा देणारा आणि उड्डाण नाकारणारा अधिकारी तो स्वतःच असतो. भारतात हे स्वातंत्र्य आणि ही जबाबदारी ज्यांनी अगदी आरंभी स्वीकारली, त्यांत जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचे नाव अग्रभागी आहे. जे. आर. डी. या आद्याक्षरांनी ते सर्वत्र ओळखले जात.

जे. आर. डी. यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजी टाटांच्या नात्यातील व त्यांच्या उद्योगातील सहकारी, तर आई सुझान या फ्रेंच होत्या. उत्तर फ्रान्समधील आर्देलो या समुद्रकाठच्या गावी या कुटुंबाचे घर होते. तेथे त्यांच्या शेजारी लुई ब्लेरियो राहत असत. २५ जुलै १९०९ रोजी विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे ते हेच ब्लेरियो. आर्देलोच्या वाळूवर विमाने उतरत आणि तेथूनच उडत. ते दृश्य पाहत वाढलेल्या मुलाला पंधराव्या वर्षी प्रथमच विमानात बसायला मिळाले. आपणही वैमानिक व्हावे, ही इच्छा तेव्हा त्याच्या मनात पक्की झाली.

ती पूर्ण होण्यास पुढे जवळजवळ दहा वर्षे लागली. तोपर्यंत वडिलांचे निधन झाले होते आणि जे. आर. डी. मुंबईत टाटा उद्योगाच्या कामात रुजू झाले होते. मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू होताच त्यांनी तेथे नाव नोंदवले. त्यांनी हे शास्त्र इतक्या झपाट्याने आत्मसात केले, की अवघ्या काही तासांच्या शिक्षणानंतर ते एकटे विमान उडवू लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच परवाना होता आणि त्यावर १ हा क्रमांक होता. लवकरच त्यांच्याकडे जिप्सी मॉथ जातीचे स्वतःचे विमानही आले.

हे विमान आजच्या वाचकाला खेळण्यासारखे वाटेल. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या, उघड्या दोन बैठका आणि चार सिलिंडरांचे सुमारे शंभर अश्वशक्तीचे इंजिन, एवढाच त्याचा पसारा होता. पंख मागे दुमडले की ते थोड्या जागेत ठेवता येई. त्यात बिनतारी संदेशयंत्र नव्हते. पुढे वादळ आहे की निरभ्र आकाश, हे सांगणारे कोणी नव्हते. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारे लोहमार्ग, नद्या व किनारे यांच्या आधारे वाट शोधावी लागे. म्हणून निघण्यापूर्वी इंजिन स्वतः तपासणे, टाकीत किती इंधन आहे हे डोळ्यांनी पाहणे, आकाशाचा अंदाज घेणे आणि सुटे भाग जवळ बाळगणे, हा वैमानिकाचा नित्यनेम होता.

सुट्या भागांचे महत्त्व १९३० साली प्रत्ययास आले. इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीय वैमानिकास आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. प्रवास कोणत्याही दिशेने केला तरी चालणार होता. मनमोहन सिंग आणि अस्पी इंजिनिअर हे इंग्लंडहून भारताकडे निघाले, तर जे. आर. डी. कराचीहून इंग्लंडकडे निघाले. अस्पी तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते.

वाटेत ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर येथे जे. आर. डी. उतरले, तेव्हा अस्पी तेथे अडकून पडले होते. त्यांच्या इंजिनाला नवा स्पार्क प्लग हवा होता आणि जादा प्लग त्यांच्यापाशी नव्हता. स्पार्क प्लग ही बोटभर लांबीची वस्तू. परंतु सिलिंडरातील इंधन पेटवणारी ठिणगी तिच्यातूनच पडते. प्लग निकामी झाले, तर उत्तम विमानही जमिनीवर खिळून राहते. जे. आर. डी. यांच्या सामानात जादा प्लग होते. समोरचा तरुण आपला प्रतिस्पर्धी आहे, हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी क्षणभर न घुटमळता त्याची गरज भागवली. दोघे आपापल्या दिशेने निघाले. अस्पी कराचीस पोहोचले आणि काही तासांच्या फरकाने पारितोषिक त्यांना मिळाले. पुढे हेच अस्पी इंजिनिअर भारतीय वायुदलात गेले आणि १९६० ते १९६४ या काळात वायुदलाचे प्रमुख झाले. जे. आर. डी. यांना या पराभवाची खंत वाटली नाही. आकाशात संकट आले, तर दुसऱ्या वैमानिकावाचून कोणी सोबती नसतो. म्हणून मदतीस धावणे हाही सुरक्षित उड्डाणाचाच एक नियम आहे, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखवले.

याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट हे ब्रिटिश वायुदलातील माजी वैमानिक एक योजना घेऊन त्यांच्याकडे आले. इंग्लंडहून विमानाने येणारे टपाल कराचीपर्यंत पोहोचत असे. तेथून मुंबईस व मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, जाण्यासाठी त्याचे पुढचे दिवस आगगाडीत मोडत. कराची, अहमदाबाद, मुंबई, बळ्ळारी आणि मद्रास अशी विमानाची टपालसेवा सुरू केली, तर हा वेळ वाचणार होता. टाटा उद्योगाचे प्रमुख सर दोराबजी टाटा प्रथम या धाडसास अनुकूल नव्हते. त्यांचे सहकारी जॉन पीटरसन यांनी त्यांचे मन वळवले आणि दोन लाख रुपयांच्या भांडवलास मान्यता मिळाली. सरकारने कोणतेही अनुदान दिले नाही. सारा व्यवहार दोन छोट्या विमानांवर आणि मोजक्या माणसांवर उभा राहिला.

सेवेचा आरंभ सप्टेंबर १९३२ मध्ये व्हावयाचा होता. परंतु मुंबईतील जुहूचे मैदान समुद्राच्या लगत होते आणि पावसाळ्यात तेथे पाणी साचे. पावसामुळे ते अद्याप उतरण्यायोग्य झाले नव्हते. तीन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर हाती आलेला मुहूर्त टाळणे सोपे नव्हते. तरी तो एक महिना पुढे ढकलण्यात आला. पुढील काळातही पावसाळ्यात जुहूऐवजी पुण्याजवळचे येरवड्याचे मैदान वापरले जाई. मैदान योग्य नसेल तर थांबावे, ही शिस्त या सेवेने पहिल्या दिवसाच्या आधीपासूनच पाळली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. यांनी कराचीहून पस मॉथ जातीचे विमान उडवले. या विमानाला एकच इंजिन होते, पण बैठक बंदिस्त होती. सोबत सुमारे २५ किलो टपाल होते. अहमदाबादेस ते इंधनासाठी उतरले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानापर्यंत आणण्यात आले. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूला पोहोचले. तेथून मद्रासचे टपाल घेऊन व्हिन्सेंट दुसऱ्या विमानाने निघाले. सह्याद्री ओलांडून त्यांनी दख्खनच्या पठारावर प्रवेश केला आणि बळ्ळारीस रात्रीचा मुक्काम केला. अंधारात मार्ग दाखवणारे दीप नसताना रात्री पुढे जाणे हे शौर्य नव्हे, तर अविचार ठरला असता. दुसऱ्या दिवशी ते मद्रासला उतरले.

मद्रास शहराला छोटे विमान अगदीच अपरिचित नव्हते. १९१० साली तेथील हॉटेलमालक द'अँजेलिस यांनी सिम्प्सन कंपनीच्या साहाय्याने घडवलेले आपले स्वतःचे विमान नागरिकांसमोर उडवून दाखवले होते. १९३० च्या सुमारास तेथे फ्लाइंग क्लबही निघाला होता. परंतु तोवर विमान हा हौसेचा विषय होता. व्हिन्सेंट यांच्या आगमनाने ते मद्रासकरांच्या नित्य व्यवहाराचे साधन बनले. ठरलेल्या दिवशी टपाल येणार, अशी लोकांची खात्री पटली. पहिल्या वर्षात या सेवेने सुमारे १,६०,००० मैलांचे उड्डाण केले, १५५ प्रवासी व दहा टनांहून अधिक टपाल नेले आणि ६०,००० रुपये नफा मिळवला.

हे यश निर्धोक परिस्थितीत मिळाले असे मात्र नाही. त्याच काळात जगाच्या निरनिराळ्या भागांत पस मॉथ विमानांचे पंख हवेतच मोडून प्राणघातक अपघात झाले होते. तज्ज्ञांनी त्याची कसून चौकशी केली. खवळलेल्या हवेतून फार वेगाने जाताना पंखांवर न पेलणारा ताण येतो, असे आढळून आले. मग पंखांचे आधारदांडे अधिक बळकट करण्यात आले. प्रत्येक विमानाला वेगाची, वजनाची आणि वाऱ्याची एक मर्यादा असते. ती ओळखून तिच्या आत राहणे हे वैमानिकाच्या कौशल्याचेच लक्षण होय, हा धडा त्या काळच्या सर्व विमानमालकांनी मोठी किंमत देऊन शिकला.

टपालसेवेच्या या रोपट्याचा पुढे वृक्ष झाला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. १९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी १९७८ पर्यंत एअर इंडियाचे अध्यक्षपद जे. आर. डी. यांच्याकडेच राहिले. या वाटचालीत दुःखाचे प्रसंगही आले. व्हिन्सेंट १९४२ मध्ये महायुद्धाच्या धामधुमीत विमानप्रवासातच मृत्यू पावले. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचे मलबार प्रिन्सेस हे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर आदळून ४८ जण मरण पावले. आकाश कोणाच्याही कीर्तीची भीड बाळगत नाही, हे जे. आर. डी. जाणून होते. विमानातील बारीकसारीक गोष्टींकडे ते स्वतः लक्ष देत आणि आढळलेल्या उणिवा अधिकाऱ्यांना लिहून कळवीत.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिल्या टपाल उड्डाणाला ५० वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी ७८ वर्षांचे जे. आर. डी. लेपर्ड मॉथ जातीच्या जुन्या छोट्या विमानात बसून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस एकटे आले. हे जुने विमान त्यासाठी काळजीपूर्वक दुरुस्त करून घेण्यात आले होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्याच जुहूच्या भूमीवर त्यांनी ते सुखरूप उतरवले.

१९९२ मध्ये भारतरत्न या सर्वोच्च सन्मानाने देशाने त्यांचा गौरव केला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या साहसाची आठवण सर्वांना आहे; परंतु त्या साहसामागे किती सावधपणा होता, हेही आपण ध्यानात घेतले पाहिजे. जवळ बाळगलेले जादा प्लग, पावसासाठी महिनाभर पुढे ढकललेला मुहूर्त आणि बळ्ळारीचा रात्रीचा मुक्काम या गोष्टी दिसायला लहान आहेत. परंतु त्यांच्याच बळावर कराचीचे टपाल मद्रासच्या घरोघरी वेळेवर आणि सुखरूप पोहोचत राहिले.