मलिक अंबर : शेवटच्या हौदापर्यंत पाणी

रोजा पाण्याच्या घोटाने सुटतो आणि नमाजची तयारी हौदावरच्या वजूने होते. पाण्याची किंमत रमजानमध्ये वेगळी सांगावी लागत नाही. भोर-वेल्ह्याच्या माणसांना तर ती बाराही महिने ठाऊक असते. भाटघरचा साठा टीएमसीत मोजायचा आणि कालव्यातला विसर्ग क्यूसेकमध्ये, हे इथे शाळकरी मुलांनाही माहीत आहे. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी वाहिले की एक क्यूसेक. शंभर कोटी घनफूट साठले की एक टीएमसी. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून पोटचारी आणि तिथून शेत. पाणी सोडण्याची फेरी म्हणजे आवर्तन, शेतकऱ्याच्या वाट्याची वेळ म्हणजे पाळी आणि कालव्याचे शेवटचे टोक म्हणजे टेल.

पाण्याच्या या बोलीत पाट मराठी आहे, क्यूसेक इंग्रजी आहे आणि जिरायत, बागायत, हौद, नहर हे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. यातला नहर हा शब्द महाराष्ट्रात ज्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला, ते मलिक अंबर.

त्यांचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतल्या हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले आणि अरबस्तान, बगदाद असे हातोहात फिरले. अंबर हे नाव त्यांना एका मालकाने दिले. त्याच काळात ते लिहायला-वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्यांना विकत घेतले. हा चंगेजखान स्वतःही एकेकाळी गुलामच होता. तो वारल्यावर अंबर मुक्त झाले, विजापुरात चाकरी केली, मलिक हा किताब मिळवला आणि थोडे स्वार घेऊन पुन्हा अहमदनगरकडे आले.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतला. राज्य बुडाले असे सगळ्यांनी धरले होते, पण मलिक अंबर यांनी दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून परांड्याहून कारभार सुरू केला. पुढे काही काळ राजधानी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरलाही होती. डोंगर-दऱ्यांचा आधार घेऊन, रसद तोडून त्यांनी मोगलांना पंचवीस वर्षे दख्खनमध्ये अडवून धरले. मालोजीराजे आणि शहाजीराजे भोसले यांच्यासह अनेक मराठे सरदार या झुंजीत त्यांच्या बाजूने लढले.

१६१० मध्ये त्यांनी खडकी या गावी नवी राजधानी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. जागा मोक्याची होती, दौलताबादचा किल्ला जवळ होता, पण वाढत्या शहराला पुरेल असे बारमाही पाणी नव्हते. खाम नदी उन्हाळ्यात आटे. मलिक अंबर यांनी पाणी नदीच्या पात्रात न शोधता शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याच्या जमिनीत शोधले.

या नहरीचे तंत्र इराणातल्या कनातीच्या जातीचे. पावसाचे पाणी डोंगरात मुरते आणि पायथ्याशी जमिनीखाली पाझरत राहते. तिथे भूजलाच्या पातळीखाली जाईल अशी विहीर खणायची आणि तिच्या तळापासून शहराच्या दिशेने भुयारी पाट काढायचा. या पाटाचा उतार फार जपून धरावा लागतो. उतार जास्त झाला तर पाणी भुयाराचा तळ खरवडते, कमी झाला तर गाळ बसून वाट तुंबते. ठरावीक अंतरावर जमिनीपर्यंत उभी छिद्रे ठेवायची. पुण्यात कात्रजच्या पेशवेकालीन नळाला अशीच छिद्रे आहेत आणि त्यांना उच्छ्वास म्हणतात. खोदताना माती काढायला, आत हवा खेळायला आणि नंतर माणूस उतरवून गाळ उपसायला ती लागतात. नहर-ए-अंबरीवर असे शंभराहून अधिक उच्छ्वास होते. शहराजवळ आल्यावर बांधीव पाट, खापरी नळ आणि मग मोहल्ल्यामोहल्ल्यातले हौद. मोट नाही, रहाट नाही. पाणी आपल्याच वजनाने वाहत होते. वरून झाकलेले असल्याने ते उन्हात उडत नव्हते आणि वेढा घालून बसलेल्या शत्रूला सहज सापडतही नव्हते.

त्यांच्या जमीन महसुलातही मोजमापाला असेच महत्त्व होते. सारा वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत त्यांनी मोडली, जमिनीचा कस पाहिला आणि पीक येईल तसा सारा ठेवला. पुणे परगण्यात पुढे दादोजी कोंडदेवांच्या काळात जो सारा बसला, त्याच्या मुळाशी हीच मलिकंबरी पद्धत होती.

मात्र पाण्याचा दुसरा उपयोगही त्यांना माहीत होता. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा त्यांनी तिथल्या तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीचा चिखल केला. लढाई जिंकली, पण तलाव गेला. ज्या हातांनी एका शहराला पाणी दिले, त्याच हातांनी दुसऱ्या गावाचा साठा सोडून दिला, हेही त्यांच्या चरित्रात लिहावे लागते.

वेल्ह्याचा त्यांच्याशी थेट संबंध येतो तो पुढच्याच वर्षी. तेव्हा मुरुंबदेव म्हणून ओळखला जाणारा राजगड गुंजण मावळातले शिळीमकर निजामशाहीच्या वतीने सांभाळत होते. १६२५ च्या सुमारास मलिक अंबर यांच्या आदेशावरून तो आदिलशाहीकडे सोपवला गेला. पुढे तिथेच स्वराज्याची राजधानी झाली. १६२६ च्या मे महिन्यात मलिक अंबर वारले. खुलताबादला त्यांची कबर आहे.

राज्य त्यांच्यामागे दहा वर्षांत संपले. नहर मात्र विसाव्या शतकापर्यंत शहराच्या काही भागांना पाणी देत राहिली, कारण उच्छ्वासातून उतरून गाळ काढणारी माणसे पिढ्यान् पिढ्या होती. जिथे वर घरे बांधली गेली, उच्छ्वास बुजले, तिथे ती तुंबली.

राजगडाच्या परिसरात आज गुंजवणी धरण आहे. वेल्हे, भोर आणि पुरंदरच्या शेतांना त्याचे पाणी उघड्या कालव्याऐवजी बंद नळांतून देण्याची योजना आखली गेली. उघड्या पाटात पाणी झिरपते, उडते आणि वरच्या वरच उपसले जाते, हा त्यामागचा हिशेब. चारशे वर्षांपूर्वी खडकीत हाच हिशेब मांडला गेला होता. शेवटच्या मोहल्ल्यातला हौद भरला, तरच तिथे नहर चालू आहे असे म्हणता येत होते. टेलच्या शेतकऱ्याच्या पाळीला नळातून पाणी येते का, यावरच गुंजवणीचेही मोजमाप होईल.