सखाराम पंडितांचा खटला

आमच्या पनवेलमध्ये आता दर दोन-चार घरांआड कुणीतरी परदेशी असते. मुलाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्याची बातमी आली की आईवडिलांना आनंद होतो आणि चुटपुटही लागते. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. मग कट्ट्यावर वाद रंगतो. नोकरी आहे, घर आहे, तर या कागदाची गरजच काय? असा वाद निघाला की मला सखाराम गणेश पंडित आठवतात. एकेकाळी अमेरिकेतल्या हिंदी लोकांत गाजलेले हे नाव आपल्याकडे मात्र फारसे कुणाच्या ओळखीचे नाही.

नावाचे वळण मराठी, जन्म अहमदाबादचा, १८७५ चा. १९०६ साली ते अमेरिकेत गेले. हिंदी तत्त्वज्ञानावर व्याख्याने देत देत लॉस एंजेलिसला स्थिरावले. तिथे १७९० पासूनचा कायदा असा की परक्याला नागरिक व्हायचे तर तो गोरा हवा. १८७० नंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही मुभा मिळाली. हिंदी माणूस यात कुठे बसतो, यावर न्यायालयांचे एकमत नव्हते. पंडितांनी अर्ज केला, सरकारने विरोध केला, आणि १९१४ मध्ये न्यायालयाने पंडितांच्या बाजूने कौल दिला.

पुढच्या सनावळ्या मला फार बोलक्या वाटतात. १९१७ मध्ये ते कॅलिफोर्नियात वकील झाले. १९२० मध्ये लीना नावाच्या अमेरिकन स्त्रीशी त्यांनी लग्न केले. घर झाले, बस्तान बसले. हे सारे नागरिकत्वानंतरचे आहे. आधी पुरते अमेरिकन व्हा, मग नागरिकत्वाचे बघू, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम जरूर पाहावा. उद्या इथून कुणी हाकलणार नाही अशी खात्री असली की माणूस आंब्याचे रोप लावतो. भाड्याच्या अंगणात तुळशीची कुंडीच बरी!

फेब्रुवारी १९२३ मध्ये वीज कोसळली. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोक गोरे नव्हेत असा निकाल दिला. थिंड यांच्या बाजूने लढणाऱ्यांत पंडितही होते. सरकारने मग आधी दिलेली नागरिकत्वेही रद्द करण्याचा सपाटा लावला. अनेकांची गेली. पंडितांवरही खटला भरला गेला.

आता वकील स्वतःसाठी उभा राहिला. या नागरिकत्वावर विसंबून मी आयुष्य रचले, ते आता काढून घेणे अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात अतिशयोक्ती नव्हती. नागरिकत्व गेले असते तर वकिली गेली असती. १९२२ च्या कायद्यामुळे, अमेरिकेतच जन्मलेल्या लीनाबाईंचेही नागरिकत्व धोक्यात होते, कारण नवरा नागरिकत्वास अपात्र ठरत होता. दोघेही बिनदेशाचे झाले असते. खालच्या न्यायालयात पंडित जिंकले. १९२६ मध्ये वरच्या न्यायालयानेही सांगितले की १९१४ मध्ये सरकारसमक्ष निकाली निघालेला प्रश्न पुन्हा उकरता येणार नाही. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकण्यास नकार दिला. मग सरकारने उरलेले असे खटले सोडून दिले.

सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णोदास बगई यांच्यापर्यंत हा दिलासा पोचला नाही. त्यांचे नागरिकत्व आधीच गेले होते, त्यापाठोपाठ दुकान आणि घरही गेले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. कागद मिळाला म्हणून शेजारी प्रेमळ होत नाहीत, हे मलाही मान्य आहे. पण कागद गेल्यावर काय होते, ते बगईंच्या घरच्यांनी पाहिले.

१९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांना अमेरिकेचे नागरिक होण्याची वाट पुन्हा खुली झाली. नव्याने येणाऱ्यांसाठी वर्षाला जागा होत्या अवघ्या शंभर. पंडित तेव्हा सत्तरीत होते आणि त्यांच्या नागरिकत्वाला बत्तीस वर्षे झाली होती. १९५९ मध्ये ते वारले.