ओढ्याच्या पाण्यासाठी भांडलेला चित्रकार

ओढ्याचं पाणी वळवायचं म्हटलं, की खालच्या अंगाचे शेतकरी हरकत घेणारच. हे आपल्याकडेच घडतं असं नाही. १८९३ साली फ्रान्समधल्या जिव्हर्नी या खेड्यात असाच तंटा उभा राहिला. अर्जदार होता जगप्रसिद्ध चित्रकार क्लोद मोने.

मोनेचा जन्म १८४० साली पॅरिसचा. उमेदीची बरीच वर्षं उसनवारीत गेली. १८८३ मध्ये मोठं खटलं घेऊन तो जिव्हर्नीत भाड्याच्या घरात आला. १८९० मध्ये तेच घर विकत घेतलं. शेजारच्या शेतात मळणीची वाट पाहत उभ्या असलेल्या गव्हाच्या गंजी त्याने सकाळी, तिन्हीसांजेला, बर्फ पडल्यावर, अशा पुन्हा पुन्हा रंगवल्या. १८९१ मध्ये त्यातली पंधरा चित्रं पॅरिसला मांडली आणि हातोहात खपली.

त्याच वर्षी शेजारच्या लिमेत्झ गावाने नदीकाठची पॉपलरची झाडं लिलावात काढली. मोनेचं चित्र अर्धवट होतं. त्याने लाकूड व्यापाऱ्याला पदरचे पैसे दिले आणि काम संपेपर्यंत झाडं उभी ठेवली.

मग आलं तळ्याचं प्रकरण. रेल्वे रुळापलीकडे जमीन घेऊन एप्त नदीच्या फाट्याचं पाणी तिथे वळवायचं आणि कमळं लावायची, असा त्याचा बेत. गावात कुरबुर सुरू झाली. ही परदेशी झाडं पाणी नासवतील, जनावरांना बाधा होईल, अशी धास्ती होती. मोने चिडला खरा, पण शेवटी त्याला प्रीफेक्टकडे, म्हणजे आपल्या कलेक्टरसारख्या अधिकाऱ्याकडे, लेखी खुलासा करावाच लागला. तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

पुढे त्याने तळं वाढवलं, माळी ठेवले. रस्त्याची धूळ कमळांवर बसते म्हणून खर्चाचा वाटा उचलून रस्त्यावर डांबर घालून घेतलं. डोळ्यांत मोतीबिंदू झाला, १९२३ मध्ये ऑपरेशन झालं, तरी कमळं रंगवणं सुटलं नाही. ५ डिसेंबर १९२६ रोजी जिव्हर्नीतच त्याचं निधन झालं. सरकारला देऊ केलेली त्याची कमळांची भव्य चित्रं १९२७ पासून पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात आहेत.

त्याच्यामागे बागेची पार रया गेली होती. दुरुस्ती होऊन १९८० मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. पॅरिसहून रेल्वेने व्हेर्नोंला उतरायचं, तिथून चार-पाच किलोमीटरवर गाव. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. दरवर्षी लाखो माणसं तेच तळं बघायला येतात.

म्हणून हरकत घेणारे गावकरी अडाणी ठरत नाहीत. ज्या पाण्यावर गुरं जगतात, त्यात कोण काय करतोय हे विचारणं त्यांचा हक्कच होता. अर्जदार कितीही मोठा असो, गावाची शंका फेडल्याशिवाय पाणी वळवू नये, एवढं आपल्या पंचायतींनी त्यातून घ्यावं.